उडाले, उतरले

४ डिसेंबर

“घरात माणसं तीन होती, ताई. तू दोनच मोजलीस.”

दारात उभी राहून, खांद्यावरची बॅगही न उतरवता तू हे म्हणालीस, त्याला आज एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर बरीच सुचली, पण ती इतकी चांगली होती की मला माझाच संशय यायला लागला. म्हणून एकही पाठवलं नाही.

हे पत्र त्याबद्दल नाही. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही आणि मी तुला परत ये म्हणून गळही घालत नाहीये. काम आहे. मोजणीचं आहे, म्हणून तुलाच लिहिते आहे.

तलावावर नव्या अधिकारीबाई आल्या आहेत. बाई म्हणायचं जिवावर येतं, वय अठ्ठावीस, आणि तिचा चष्मा सारखा दुर्बिणीवर आपटतो. पण काम मनापासून करते. बाबांच्या पत्र्याच्या पेटीतले मोजणीचे जुने तक्ते तिनं बाहेर काढलेत आणि एकेक करून संगणकात भरतेय. प्रयोगशाळेतून सुटले की मी तिथे जाते आणि बाबांचं अक्षर वाचून दाखवते. त्यांचा सात आणि एक अजून कुणालाच ओळखू येत नाही.

परवा ती म्हणाली, “ताई, एक विचारू? हे वर्ष बघा. आदल्या वर्षी तेरा हजार पक्षी. या वर्षी एकदम वीस हजार सातशे साठ. पुढच्या वर्षी परत तेरा. काय झालं होतं त्या वर्षी?”

“आमचे बाबा गेले होते,” मी म्हटलं.

ती गोंधळली. “नाही, म्हणजे... पाण्याला काय झालं होतं?”

पाण्याला काहीच झालं नव्हतं. तू विसरली नसशील, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पूर्वेच्या लपणात, कुडाच्या आडोशामागे, एक जण, पश्चिमेच्या लपणात एक जण, मध्ये दीड किलोमीटर पाणी. प्रत्येकाच्या तक्त्यात शेवटी दोन रकाने. आपल्या समोरचा थवा उठून पलीकडे गेला तर वेळ आणि आकडा ‘उडाले’मध्ये. पलीकडून येऊन आपल्याकडे बसला तर ‘उतरले’मध्ये. बारा वाजता खोपीत भेटायचं, तक्ते शेजारी शेजारी ठेवायचे आणि जो थवा दोन्हीकडे मोजला गेलाय तो एकीकडे खोडायचा. “मोजताना तोंड बंद,” बाबा म्हणायचे, “मोजून झालं की मात्र बोललंच पाहिजे. नाहीतर मोजणी पुरी होत नाही.” मग थर्मास उघडायचा आणि थवा कुणाचा यावरून आपण चहा निवेपर्यंत भांडायचो.

बाबा गेल्यानंतरच्या त्या जानेवारीत आपण खोपीत भेटलो नाही. मोजणी चुकवायची नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर आपलं न बोलता एकमत झालं होतं. तू पूर्वेला बसलीस, मी पश्चिमेला. तुझ्या तक्त्यात आहे: आठ वाजून दहा मिनिटं, उडाले, पश्चिमेकडे, सात हजार दोनशे. माझ्या तक्त्यात आहे: आठ वाजून बारा मिनिटं, उतरले, पूर्वेकडून, सात हजार एकशे पन्नास. दोन्ही बेरजेत तसेच राहिलेत. आता ते कागद शेजारी ठेवले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

खरा आकडा साडेतेरा हजारांचा. उसळी पक्ष्यांची नव्हतीच. आपल्या अबोल्याची होती.

तुझं काय मत आहे, कळव.

ताई


१५ डिसेंबर

तुझं उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचलं असेल असं मी स्वतःला सांगते आहे.

थंडी चांगली पडली आहे. काल सकाळी पश्चिमेच्या पाणकणसांत पाणमांजर दिसलं. आधी नुसती बुडबुड्यांची रेघ, मग डोकं, तोंडात मासा आडवा. माझ्याकडे बघत बघत त्यानं शेपटीपर्यंत तो मासा संपवला. कुणी बघत असताना इतक्या निवांतपणे मला कधी जेवता आलेलं नाही. तलवार बदकंही आली आहेत, टोकदार शेपट्या वर करून तासन्‌तास पाण्यात डोकी घालून बसलेली. तू लहानपणी म्हणायचीस, यांचं पाण्यात काहीतरी हरवलंय.

मी इकडचं तिकडचं लिहिते आहे, कारण मुद्द्याचं लिहायला हात धजत नाही.

मुद्दा असा. पक्षी वीस हजारांच्या वर गेले म्हणून आपला तलाव संरक्षित यादीत गेला, हे तुला माहीत आहे. अर्धा तलाव बुजवून गोदामं व्हायची होती, ती टळली. पण पुढच्या वर्षी मी एकटीनं नव्या लोकांना घेऊन मोजलं आणि आकडा तेरा हजार आला. तो बरोबर होता. कागदावर मात्र सात हजार पक्षी नाहीसे झाले. मग ते कुठे गेले याचं कारण शोधणं आलं. ते तू शोधलंस. तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी वाचलं आहे. इतकं नेटकं लिहिलं आहेस की वाचताना माझासुद्धा विश्वास बसला. पूर्वेच्या काठावरच्या होड्या आणि जाळी यांनी बदकं बुजतात. त्या प्रकरणावरून चारही थंड महिने होड्या पाण्यात घालायला बंदी झाली.

आता पुढची पायरी आहे. एकोणीस वर्षांत ‘घट भरून निघालेली नाही’, म्हणून पूर्वेच्या काठावरची चौदा घरं हलवायची. सुनावणी वीस जानेवारीला आहे. त्या चौदातलं तिसरं घर आपल्या नावाड्याचं, मोजणीला आपल्याला पलीकडे सोडायचा त्याचं.

गोदामं शेवटी जिथे झाली त्या हमरस्त्यावर तो आता रखवालदार आहे. गणवेश त्याला दोन मापं मोठा आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “मास्तरांची थोरली ना तू? मग तुझ्या बदकांना एकदा विचार की. पंचवीस वर्षं त्यांच्यामधून होडी नेली मी. एकानं मान वर केली नाही. उलट मीच बाजूनं जायचो, म्हटलं, जेवतायत, जेवू देत.”

मी हसले. दुसरं काय करणार होते?

अधिकारीबाई म्हणते, दोघींच्या सह्यांनी गेलेला आकडा दोघींच्या सह्यांनीच बदलतो. दुरुस्ती केली तर तलावाचं संरक्षण राहील की जाईल, मी तिला विचारलं. “खरं सांगू? मला माहीत नाही,” ती म्हणाली. मला तिचं हे आवडलं.

तुझी सही लागेल.

ताई


२७ डिसेंबर

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. “दोन वेगळे थवे जवळपास सारख्या संख्येचे असू शकतात. आठवणीवर आकडे बदलत नाहीत.” वर मायना नाही, खाली नाव नाही. अक्षर मात्र तेच, गाडी सुटत असल्यासारखं उजवीकडे कललेलं. पाकीट दिवसभर पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवलं होतं. दुपारी सहकारीण म्हणाली, “आज स्वारी कुठे आहे? सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावायचा राहिलाय.”

तू म्हणतेस ते शास्त्राला धरून आहे. आठवण बाजूला ठेव. तक्त्यांत शेरा लिहायची जागा असते. तुझा शेरा: “थव्यात एक मादी अगदी फिकट, पंखांत रंगच नाही, दुधात बुडवून काढल्यासारखी.” माझा शेरा: “एक पांढरट तलवार बदक, मादी, थव्याच्या डाव्या कडेला.” बाबांच्या तीस वर्षांच्या तक्त्यांत असं बदक दुसरं नाही. ते दोन मिनिटांच्या अंतरानं दोन थव्यांत कसं असेल, हे तूच सांग. दोन्ही तक्त्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आणखी एक. मी नावाड्याला सांगितलं. तुझ्या आधी सांगायला नको होतं, पण तो पुन्हा समोर आला आणि मला हसवेना.

रखवालीच्या टपरीत आम्ही दोघं बसलो होतो. मी कागदावर दोन वर्तुळं काढून दाखवली. त्यानं कागद स्वतःकडे ओढला.

“म्हणजे ती सात हजार बदकं नव्हतीच?”

“होती. पण एकदाच होती.”

“आणि ही जास्तीची, कागदावरची, ती माझ्या होडीनं घालवली?”

“हो.”

तो इतका हसला की बाहेरून जाणारा ट्रकवाला वळून बघायला लागला. “आयला! नसलेली बदकं घालवली मी! एवढं मोठं काम माझ्या हातून झालं आणि मला पत्ता नाही!” मग त्याचं हसू थांबलं. हातातल्या कपाकडे त्यानं पाहिलं आणि चहा न पिता तो खाली ठेवला. मला तोवर ते सहन झालं होतं, पण तो कप बघवेना.

म्हणाला, “धाकटीला माहीत आहे?”

“कळवलंय.”

“कशी आहे ती? अजून होडीत उभी राहते का?”

मला माहीत नव्हतं. मी “बरी आहे” म्हटलं.

ताई


५ जानेवारी

या वेळी एकच ओळ. “तुला हे कधी कळलं?”

लहानपणी बाबा ताटात मूठभर वाटाणे टाकून लगेच वरून फडकं टाकायचे आणि विचारायचे, किती? मी घाबरून कमीच सांगायची. तू मात्र अचूक. एकदा मी विचारलं होतं, कसं जमतं गं तुला? तू म्हणालीस, मी वाटाण्यांकडे बघतच नाही, बाबांच्या मुठीकडे बघते. आताही तेच केलंस. आकडे सोडून मुठीकडे बघितलंस.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तक्ते शेजारी ठेवले तेव्हा आता लक्षात आलं. ते खोटं आहे. मला त्याच दिवशी कळलं. दुपारी तीन वाजता.

नावाडी तुझा तक्ता घेऊन पलीकडून आला, तू परस्पर बसथांब्यावर गेलीस म्हणाला. त्याच्याबरोबर तू एकत्रित बेरजेचा कागदही पाठवला होतास, कोरा, खाली फक्त तुझी सही. माझं तोंडही बघायचं नव्हतं तुला, तरी माझ्या बेरजेवर डोळे मिटून सही केली होतीस. तुझा तक्ता मी गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्याच नजरेत ती पांढरी बदकीण दिसली.

मी उठले. थेट बसथांब्यापर्यंत आले. तू बाकावर बसली होतीस, बाबांचा करडा स्वेटर घालून, बाह्या दोनदा दुमडलेल्या. आपल्यात वीसेक पावलं असतील. तू मला पाहिलंस आणि बुटांकडे बघायला लागलीस. मला एवढंच म्हणायचं होतं, अगं, तो थवा दोघींनी मोजलाय. एवढंच. पण ते म्हटलं की तू खोपीत आली असतीस, आणि खोपीत आलो की पुढचंही बोलावं लागलं असतं.

मी परत फिरले. खोपीत येऊन बेरीज केली. वीस हजार सातशे साठ आली तेव्हा माझा हात थबकला, कारण वीस हजारांचं महत्त्व मला माहीत होतं. गोदामांचे खुंट काठावर ठोकून झाले होते. मी स्वतःला म्हटलं, हे तलावासाठी. एकोणीस वर्षं तेच म्हणत आले. पण खरा क्रम असा आहे: आधी मी तुझ्याशी बोलायला घाबरले, तलाव मागाहून आठवला.

रोज मी काचपट्टीवर रक्तातल्या पेशी मोजते. चौकोनाच्या वरच्या आणि डाव्या रेघेवर बसलेली पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची, म्हणजे कुठलीही पेशी दोनदा धरली जात नाही. पंचवीस वर्षांत मी या नियमात एकदाही चुकले नाही. नव्या मुलींना ओरडून ओरडून शिकवते. आणि घरी येऊन तुझे निबंध वाचायचे, त्यात तो वीस हजारांचा आकडा असायचा, नेहमी वरच्या बाजूला, आणि तू त्याच्यावर पुढचं सगळं बांधत गेलीस. तुला पहिला पुरस्कार मिळाला तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो कापून मी कपाटाला आतून लावला. अजून आहे. दार उघडलं की तू दिसतेस, आणि मला माहीत असायचं की तू कशावर उभी आहेस.

तुझा दोष नाही. तू मोजलेले आकडे बरोबर होते. चुकीचं काही केलं असेल तर कोऱ्या कागदावर माझ्यासाठी सही केलीस, तेवढंच.

ताई


१३ जानेवारी

काल मोजणी झाली. पूर्वेला अधिकारीबाई, पश्चिमेला मी. सकाळी धुकं होतं, सातपर्यंत नुसते आवाज. मग उजाडलं आणि पाण्यावर काळ्या ठिपक्यांचे पट्टे दिसायला लागले. पावणेआठच्या सुमाराला भोवत्या शिकारीला आला, पाणकणसांना जवळजवळ पंख लावत, अगदी आरामात उडणारा, आणि समोरची सगळी बदकं एकदम उठली. तो आवाज तुला आठवत असेल. मोठं कापड कुणीतरी हळूहळू फाडत असल्यासारखा. मी ‘उडाले’मध्ये लिहिलं, पाच हजार चारशे.

बाराला खोपीत भेटलो. ती म्हणाली, “माझ्याकडे पाच हजार सहाशे उतरलेत. खोडू?” मी म्हटलं, “माझा आकडा खोड. तुला ते बसताना दिसलेत, बसलेली नीट मोजता येतात.” तिनं पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. अर्ध्या मिनिटाचं काम. मग तिला डबा उघडायची घाई झाली आणि मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

एकूण तेरा हजार दोनशे.

आज मी दुरुस्तीचा कागद सोबत पाठवते आहे. पण तो वाचायच्या आधी तुला एक गोष्ट माहीत असायला हवी. ती लपवून तुझी सही मागितली तर ती सहीही त्या कोऱ्या कागदावरच्या सहीसारखीच होईल.

बाबांनीच कळवू नको म्हणून सांगितलं, परीक्षा होऊ दे म्हणाले, हे मी तुला तेव्हा सांगितलं होतं. ते खरं आहे. पण ते आजारपणाच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. जायच्या तीन दिवस आधी सकाळी ते म्हणाले, “आता बोलाव तिला.” मी म्हटलं, “बोलावलंय. निघाली आहे.”

मी बोलावलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, उतार पडेल. तेवढ्यावर मी स्वतःला सोडवून घेऊ शकते, पण घेत नाही. त्या शेवटच्या आठवड्यात बाबा माझ्याशी बोलायला लागले होते, गं. जसे तुझ्याशी बोलायचे तसे. कुठलं पाखरू कुठून येतं, पहिली थंडी पडली की आधी कोण उतरतं, आई असताना दोघं लपणात बसून कसे कुजबुजायचे. आयुष्यभर त्यांना औषधं दिली, स्वेटर धुतले, डबे भरले मी, आणि बोलणं मात्र तुमच्या दोघांचं चालायचं. तू आलीस की ते तुझ्याकडे वळतील, हे मला ठाऊक होतं. मला आणखी दोन दिवस हवे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “पोचली का?” मी म्हटलं, “गाडी उशिरा आहे.” संध्याकाळी पुन्हा विचारलं. मी उशी नीट केली आणि तेच सांगितलं. त्यांनी दाराकडे तोंड करून निजवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी तुला फोन केला, तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. तू कसं काय, कधीपासून, असं विचारत होतीस आणि मी सांगत होते, अचानकच झालं सगळं.

ते तुझी वाट बघत होते. हे तुझं होतं आणि मी ते एकोणीस वर्षं माझ्याकडे ठेवलं. मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेही तुझ्यावर लादल्यासारखंच.

आता कागदाचं. त्यात वर खरी बेरीज आहे, तेरा हजार पाचशे साठ. खाली मी माझ्या नावानं लिहिलंय की तुझी सही कोऱ्या कागदावर होती, चूक मला त्याच दिवशी माहीत होती आणि मी ती दडवली. तुझं तिसरं प्रकरण मात्र त्यातून तरणार नाही, हे मी तुला गोड शब्दांत सांगू शकत नाही. तलावाचं काय होईल तेही कुणी सांगू शकत नाही. नावाड्याला मी विचारलं, बाकीची घरं काय म्हणतायत? तो म्हणाला, “काही म्हणत नाहीत. सामान बांधावं की नाही एवढंच विचारतायत.”

एकट्या माझ्या सहीचा कागद मी सुनावणीत देणारच आहे. अधिकारीबाईनं आधीच सांगितलंय, तो नुसता फाइलला लागेल. दोन सह्या असल्या तरच आकडा बदलेल.

तू नाही म्हणशील. या पत्राचं दुसरं पान वाचून तुझ्या जागी मीही पाकीट मिटून ठेवलं असतं, आणि कुणी मला नावं ठेवली नसती. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट आहे, तिकीट लावलेलं. एकोणीस तारखेपर्यंत इथे पोचायला हवं. मी माझी सही केली आहे, आणि तिच्याखाली जागा सोडली आहे. तिथे सही कर.

ताई